मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

“पण का नाही, चाचा? अख्ख्या तासगावचे डोळे तुम्ही उघडलेत. मग हिचेच का नाही?”

दिगंबरने पुन्हा विचारलं. काल जेवायच्या टेबलावरही त्याने हेच विचारलं होतं.

दस्तगीरचाचा समोर बघत राहिले.

समोर बर्फ होता. आम्ही अलास्कात होतो, एका मोठ्या बोटीच्या डेकवर. बोट खाडीत शिरून थांबली होती. खाडीच्या टोकाला डोंगरातून उतरलेली बर्फाची नदी पाण्यापर्यंत येऊन कड्यासारखी उभी राहिली होती. आभाळ खाली आलं होतं. पाण्यावर बर्फाचे लहानमोठे तुकडे तरंगत होते आणि विरघळताना तडतडत होते. मोहरी तडतडते तसे, पण हळू.

“बर्फ बघायला आणलंस म्हणाला होतास,” चाचा म्हणाले.

“हो. ते तर आहेच.”

“म्हंजे कामाला आणलंस.”

दिगंबर हसला नाही.

डोळे उघडणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. चाचांचा आमच्या गावात फोटो स्टुडिओ होता. त्या काळी पुष्कळ माणसं आयुष्यात एकदाही फोटो न काढता मरत. मग घरचं कुणीतरी धावत स्टुडिओत येई. चाचा कॅमेरा घेऊन जात. गेलेल्या माणसाला नवं धोतर नाहीतर नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवत. मागे चादरीआड उभं राहून कुणी त्याची मान सावरून धरी. बहुतेक वेळा तो दिगंबर असे. तेव्हा तो चाचांच्या हाताखाली शिकत होता.

फोटो निघे, पण डोळे मिटलेले. मग चाचा स्टुडिओत बसून बारीक ब्रशाने त्या फोटोवर उघडे डोळे काढत. फोटो घरी गेला की घरातल्या बायका म्हणत, आले, बघा, आले.

ते काम आता कुणी करत नाही.

दिगंबर पुढे पुण्याला गेला. बर्फाचे फोटो काढणारा म्हणून त्याचं मोठं नाव झालं. या सहलीत तो लोकांना फोटो काढायला शिकवणार होता. सगळे त्याला सर म्हणत. चाचांना त्यानेच आग्रह करून आणलं होतं. चाचांना आता एकट्याने चालवत नाही, म्हणून शेजारी या नात्याने मीही सोबत होतो.

दिगंबरच्या मांडीवर एक पाकीट होतं. त्यात मालनचा फोटो होता.

मालन म्हणजे त्याची बायको. मागच्या थंडीत ती गेली. बरेच दिवस अंथरुणात होती. दिगंबर तेव्हा लडाखला होता. तो आला, तेव्हा तिला बाहेर आणून ठेवलं होतं. त्याने बॅग उघडली, कॅमेरा काढला आणि तिचा फोटो काढला. जमलेल्या माणसांना ते आवडलं नाही. अंत्यविधीला मी तिथे होतो. मला वाटतं, त्याला त्या वेळी दुसरं काही करताच येत नव्हतं.

“लग्नातला हाय की तिचा,” चाचा म्हणाले. “मीच काढलेला.”

“तो तुमचा. आणि त्यात ती खाली बघतेय.”

“आधार कार्डावरचा असंल.”

“तो सरकारचा.”

“पोरीच्या मोबाइलात ढीगभर असतील.”

“ते ऋतुजाचे. माझा हा एकच आहे, चाचा.”

चाचांनी पाकिटाकडे पाहिलं. हात लावला नाही.

“कॉम्प्युटरवर करून बघितलं मी,” दिगंबर म्हणाला. “आधार कार्डावरचे डोळे घेऊन या फोटोवर बसवले. अगदी बेमालूम बसले. ऋतुजाला दाखवला.”

“मग?”

“म्हणाली, बाबा, ह्या बाई कोण?”

दिगंबरने मांडीवरचं पाकीट उलटं केलं.

“आता वर्षश्राद्ध येतंय. ती म्हणते, आईचा फोटो मी आणते, तुम्ही राहू द्या.” त्याचा आवाज जरा खाली गेला. “जगभरचा बर्फ माझ्या भिंतींवर आहे, चाचा. तिथे तिचा माझ्या हातचा एक फोटो नसेल, तर मी तिचा कोण होतो?”

तेवढ्यात आमच्या ग्रुपमधल्या पाटणकरबाई आल्या. कानटोपी, त्यावर स्कार्फ, हातात चिवड्याची पुडी.

“सर, हा ग्लेशियर असा मळकट का हो? आमच्या फोटोत घाण दिसतोय. धुऊन घ्यायला हवा होता कुणीतरी!”

दिगंबर उठून उभा राहिला. लोकांशी बोलताना तो नेहमी उभा राहतो.

“मळ नाही तो, काकू. येताना डोंगर खरवडत आलाय. त्याची माती आहे ती. ती दिसू द्या. तिच्यामुळेच तो केवढा आहे ते कळतं.”

“आणि पडणार कधी?”

“पडेल. उजवीकडचा तो सुळका बघा. त्याच्या मुळाशी तडा गेलाय. मघाशी नव्हता. मोबाइल तयार ठेवा.”

“तुम्ही आहात म्हणून हो! नाहीतर आमचे हे नेमके चहा आणायला जातात नि तेवढ्यात सगळं होऊन जातं.” त्यांनी चाचांपुढे पुडी धरली. “घ्या ना, चाचा. घरचा आहे.”

चाचांनी चिमूटभर घेतला. बाई कठड्याकडे गेल्या.

दिगंबर खाली बसला. कॅमेरा गळ्यात होता, त्यावर त्याने हात ठेवला.

चाचा चिवडा चघळत बर्फाकडे बघत होते. मग त्यांनी बोट केलं.

“तो निळा कसला रं?”

“कुठला?”

“त्यो. फटीतला.”

दिगंबरचा चेहरा बदलला. त्या सकाळी पहिल्यांदाच.

“तो एक निळा नाही, चाचा. नीट बघा. वर फट सुरू होते ना, तिथे पांढऱ्यात मिसळलेला आहे. आत जाल तसा दाट होत जातो. खाली पाण्याजवळ त्याला हिरवी झाक आहे. ऊन असतं तर फिका दिसला असता. आभाळ आलंय म्हणून असा आतून पेटल्यासारखा दिसतो.”

“मोरचुदासारखा,” मी म्हणालो. आमच्याकडे द्राक्षबागांवर मोरचूद फवारतात.

“मोरचुदापेक्षा खोल,” तो म्हणाला. “मोरचूद वरवरचा निळा असतो.”

“आणि मालनचे?” चाचांनी विचारलं.

“काय?”

“डोळे.”



पाण्यात तुकडे तडतडत होते. कठड्याशी कुणीतरी कुणाला सरका म्हणत होतं.

“काळे,” तो म्हणाला.

“काळे म्हशीचे बी असत्यात.”

“चाचा...”

“बरं. अजून सांग.”

“मोठे होते. म्हणजे... अगदी मोठे नाही.”

“समोर बसली की कुठं बघायची?”

“कुठे म्हणजे?”

“तुझ्याकडं? ताटाकडं? दाराकडं?”

“...”

“रागावल्यावर?”

“रागावायची नाही ती.”

“नाही?”

“मला कधी दिसली नाही रागावलेली.”

चाचांनी मान हलवली. वारा सुटला होता. बर्फावरून येणारा वारा. त्याला कसलाच वास नव्हता.

“मयताच्या घरी गेलो की आधी मी काय करायचो, आठवतं का तुला?” चाचांनी विचारलं.

“चहा प्यायचात.” दिगंबर थोडा चिडून बोलला. “उजेड चाललेला असायचा. मी बाहेर स्टँड लावून ताटकळायचो आणि तुम्ही आत चहा पीत बसायचात. कितीदा तुम्हाला हाका मारल्यात मी.”

“आन् आत काय बोलायचो?”

“मला काय माहीत? मी बाहेर होतो.”

“हं.”

चाचांनी हातावरचा शेवेचा कण झटकला.

“सावर्ड्याची एक म्हातारी होती. नवरा गेल्याला. तिला म्हणलं, आजी, मालक रागावलं की कसं बघायचं? ती म्हणाली, माझ्याकडं बघायचंच न्हाई. गोठ्याकडं बघायचं. म्हणलं, आन् खूश असलं की? म्हणाली, तवा बी गोठ्याकडंच.”

मला हसू आलं. चाचाही थोडे हसले.

“मग गोठ्याकडं बघताना काढलं त्यास्नी. फोटो घरी गेला. म्हातारी लई वेळ बघत बसली. मग उठली न् फोटो भिंतीवर जिथं लावला हुता तिथनं काढून दुसऱ्या भिंतीवर लावला. म्हणाली, हितनं गोठा दिसतूय.”

दिगंबर ऐकत होता. पण तो आपल्याच विचारात होता.

“म्हणजे तुम्हाला विचारून करता येतं,” तो म्हणाला. “मग मला विचारा ना. विचारा.”

“विचारलं की.”

तो खाली बघू लागला. मग त्याने बॅगेतून एक पत्र्याची डबी काढली. आत बारीक ब्रश होते, रंगाच्या वड्या होत्या. सगळं नवं होतं. त्याने ती चाचांच्या मांडीवर ठेवली.

“तुम्ही सुरू तर करा. हात चालायला लागला की आपोआप येईल. तुमच्या हातात आहे ते.”

चाचांनी डबीवर हात ठेवला. हात थरथरत होता. आता तो नेहमीच थरथरतो. चहाची बशीही त्यांच्या हातात वाजते.

दिगंबरने ते पाहिलं.

“त्यासाठी नाही म्हणताय का? मी धरतो ना मनगट. ...आणि अगदीच हात गेला असेल तर तसं सांगा. मी समजू शकतो. पण उगीच मला कोडी घालू नका, चाचा. मी आता लहान नाही.”

हे बोलायला नको होतं. त्यालाही ते लगेच कळलं असावं. पण बोललेलं मागे घेता येईना.

चाचांनी डबीचं झाकण लावलं. ती बाजूला ठेवली. खुर्चीला मान टेकली. डोळे मिटले.

मला वाटलं, दमले. म्हातारं माणूस. आणलं कशाला एवढ्या थंडीत.

“दिगू.”

“बोला.”

“मी मेलो.”

“काहीतरीच काय, चाचा!”

“आत्ताच मेलो. तू फोटो काढलास. माझा मुश्ताक तुझ्याकडं आला. म्हणला, दिगूकाका, अब्बांचे डोळे उघडून द्या.”

चाचांचा चेहरा हलत नव्हता. फक्त ओठ हलत होते.

“घे ती डबी. काढ.”

दिगंबर हसला. माझ्याकडे बघून हसला, हे बघा आमचे चाचा, अशा अर्थाने. मग त्याने चाचांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं.

पापण्या मिटलेल्या होत्या. त्यांवर बारीक सुरकुत्या होत्या.

“पिंगट,” तो म्हणाला.

“कुठला?”

“कुठला म्हणजे... दोन्ही.”

“बघ हां. भिंतीवर लागायचाय.”

“...”

“मी काम शिकवताना कुठं बघायचो? तुझ्या हाताकडं, का तोंडाकडं?”

दिगंबर आठवू लागला.

मीही आठवू लागलो. रोज संध्याकाळी मी चाचांच्या शेजारी बसतो, त्यांच्या दारातल्या कट्ट्यावर. त्यांचा आवाज मला आठवत होता. त्यांचं खोकणं आठवत होतं. डोळे समोर आणायला गेलो की चष्मा यायचा.

“तुम्ही बघायचातच कुठे,” दिगंबर पुटपुटला. “सारखे कॅमेऱ्यामागे... नाही. तसं नाही.” तो खुर्चीत पुढे सरकला. “एक डोळा जरा बारीक होता. डावा. नाही, उजवा. बारीक करून बघायचात तुम्ही. हो ना?”

चाचांच्या पापण्या मिटलेल्याच.

“सांगा ना. उजवाच ना?”

“मेलेला माणूस बोलतो का रं?”

दिगंबर त्यांच्या तोंडावर वाकला. इतक्या जवळून मी त्याला कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं. शिकायला आलेलं पोर फळ्याकडे बघतं तसा तो बघत होता. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

आणि तेवढ्यात कठड्याकडून ओरडा झाला.

“पडला! पडला! सर!”

मी वळून पाहिलं. उजवीकडचा तो सुळका जागेवरून सुटला होता. आवाज नव्हता. तो उभाच्या उभा खाली बसत गेला, एखादा थकलेला माणूस भिंतीला धरून बसतो तसा. पाणी वर उसळलं. मग आवाज आला. तो छातीत आला.

दिगंबर उभा होता. कधी उठला, मला दिसलं नाही. कॅमेरा डोळ्याला होता आणि बटणावर बोट चालत होतं.

कड्यामागून निळा बर्फ उघडा पडला. आतापर्यंत कुणी न पाहिलेला. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. लाट आली, बोट सावकाश हलली आणि पुन्हा थांबली.

“सर, मिळाला?” पाटणकरबाईंनी तिथूनच विचारलं.

“मिळाला,” दिगंबर म्हणाला.

त्याने सवयीने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत पाहिलं. मलाही दिसला. चांगला आला होता. फारच चांगला.

मग त्याच्या ध्यानात आलं.

तो वळला. चाचा तसेच होते. मान मागे, डोळे मिटलेले, हात मांडीवर. एवढा आवाज झाला, लोक नाचले, बोट हलली, पण त्यांनी पाहिलं नव्हतं.

“चाचा...”

दिगंबर खुर्चीजवळ आला.

“चाचा, उघडा आता.”

हात थरथरत नव्हता. मला ते आवडलं नाही.

“चाचा, बस्स झालं. उघडा डोळे!”

“कसे हुते?” ओठ हलले.

दिगंबर त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला. कॅमेरा खुर्चीच्या पायावर आपटला. त्याने पाहिलंही नाही.

“नाही माहीत!” तो ओरडला. “तुमचे नाही माहीत, तिचेही नाही माहीत! ती फोनवर म्हणायची, या आता. मी म्हणायचो, दोन दिवस थांब, ढग हटू दे. आलो तर मिटलेले! मला बघायचेत, चाचा! एकदा बघायचेत! तुम्ही कसेही काढा, चुकीचे काढा, पण उघडा...”

कठड्यावरचे लोक वळून बघू लागले. पाटणकरबाईंचा मोबाइल हातातच राहिला. त्यांचे यजमान दोन कप चहा घेऊन दारात थबकले होते.

चाचांनी डोळे उघडले.

मी वाकून पाहिलं. एक पिंगट होता. दुसऱ्यावर राखी झाक धरली होती, आणि तो सहसा हलत नसे, समोरच्या माणसावरच थांबे. हे मी इतकी वर्षं पाहत आलो होतो, तरी मघाशी आठवलं नव्हतं.

ते दिगंबरकडे बघत होते.

मग त्यांनी त्याच्या हातातलं पाकीट घेतलं. फोटो बाहेर काढला. मालनचं तोंड शांत होतं. कपाळावर मळवट होता. कडेला कुणाच्या तरी पायाचा अंगठा आला होता.

चाचांनी फोटो मांडीवर आडवा ठेवला. गळ्यातला मफलर सोडला. थंडी फार होती, मी नको म्हणणार होतो. त्यांनी तो मफलर फोटोवर घातला. थरथरत्या हाताने कडा सारख्या केल्या. मग अगदी हळूच तिच्या हनुवटीपर्यंत वर ओढला.

दिगंबर अजून हुंदके देत होता. मोठ्याने.

चाचांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू, दिगू... आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा.”